वहिनींनी कडी सोडली नाही : नागपुरातले सहा दिवस

रविवार, रात्र

मे महिन्यात नागपूरला निघालो म्हटल्यावर घरात एकच प्रश्न आला, पाऊस पडल्यावर नाही का जाता येणार? नव्हतं येणार. माझ्या नौदलातल्या जुन्या मित्राची लेक सब-लेफ्टनंट झाली आहे. केरळमधल्या एळिमलाच्या नौदल अकादमीतून बाहेर पडून सुट्टीवर घरी आली आहे आणि येत्या शनिवारी कोचीला निघते आहे, ऑब्झर्व्हरच्या प्रशिक्षणासाठी. म्हणजे हेलिकॉप्टरात किंवा टेहळणी विमानात बसून रडार, सोनार आणि शस्त्रं सांभाळायची. त्या वाटेवर एक दिवस येतो, जेव्हा तुम्हाला हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीत पट्ट्यांनी बांधतात, पाण्यात सोडतात आणि उलटं करतात. तिथून स्वतःहून बाहेर यायचं.

मित्राचा फोन गेल्या आठवड्यात आला. "पोरगी काही सांगत नाही बे, पण रात्री उठून बसून राहते. तू ते केलंस नं? येऊन जा."

मी केलंय, एकदा नव्हे तर अनेकदा. मी एअरक्रू डायव्हर होतो. समुद्रात माणूस पडला की हेलिकॉप्टरातून त्याच्यापर्यंत उतरणारा तो मीच. मित्र त्याच हेलिकॉप्टरांचा तंत्रज्ञ. त्यानं हात लावलेल्या यंत्रावर भरवसा ठेवून मी वर्षानुवर्षं उडलो. त्याच्या लेकीसाठी उन्हाळा आडवा येणार नव्हता. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट मिळालं आणि कल्याणहून बसलो.

सोमवार

बडनेरा गेलं तशी खिडकीतून येणारी हवा बदलली. नागपूरला उतरलो तेव्हा सकाळचेच दहा वाजत होते, पण फलाटावर पाऊल ठेवताच बुटाच्या तळव्यातून ऊन जाणवलं. मित्र डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभा होता. निवृत्तीनंतर तो मिहानमध्ये नोकरी करतो, विमानांशीच संबंधित. त्यानं माझी बॅग घेतली आणि सगळ्यात आधी खिशातून कांदा काढून माझ्या खिशात टाकला. त्याची आईही असंच करायची म्हणे.

त्याचं घर अंबाझरी ले-आउटमध्ये, तळमजला आणि वर गच्ची. बाहेर कूलर घरघरत होता आणि आत वाळ्याचा गंध भरलेला. वहिनींनी पन्हं दिलं, पाठोपाठ लेक आली. सहा वर्षांपूर्वी पाहिलं तेव्हा शाळेत होती. आता ताठ उभी राहून "जय हिंद काका" म्हणाली, मग वाकून नमस्कार केला. पहिल्या दिवशी मी विषय काढला नाही. संध्याकाळी तीच गच्चीवर माझ्याजवळ आली.

"काका, मला पोहता येते. अकादमीत टेस्ट पास केली. पण नाकात पाणी गेलं की माझं डोकं बंद होऊन जाते. उलटं केल्यावर तर जाईलच नं?"

"जाईल," मी म्हणालो. तिला खोटं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

मंगळवार

पहाटे साडेपाचला जलतरण तलावावर. मित्राच्या ओळखीचे तिथले प्रशिक्षक सोबत होते, आणि त्यांची एक नजर कायम तिच्यावर राहील हे मी आधीच ठरवून घेतलं. मित्रानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला पट्टा बांधायची कल्पना काढली होती. ती मी तिथल्या तिथे मोडून काढली. पट्टा बांधून पाण्यात उलटं होणं फक्त तिथंच, जिथं शेजारी पाणबुडे असतात आणि सोडवणारा हात वीतभर अंतरावर असतो. हे वाचणाऱ्या कुणीही घरच्या घरी तसलं काही करू नये. आणि पाण्याखाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन 'जास्त वेळ टिकण्याचा' प्रयत्न तर मुळीच करू नये. श्वास घ्यायची आठवण शरीराला देणारा कार्बन डायऑक्साइड त्यानं आधीच उतरतो आणि माणूस काही न कळता पाण्यातच शुद्ध हरपतो. चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव असे गेले आहेत.

आम्ही इतकंच केलं. कंबरभर पाणी, काठाचा दांडा एका हातात, चष्मा नाही, नाकाला चिमटा नाही. डोकं खाली घालून कोलांटी घ्यायची, उलटं झाल्यावर तीन आकडे मोजायचे आणि त्याच दांड्याच्या आधारानं वर यायचं. पहिल्या वेळी ती खोकत वर आली. डोळे लाल, आणि चेहऱ्यावर एक जुनी, लहानपणची भीती. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, तोंड मिटून नाकातून हुंकार दे, अगदी बारीक. हवा बाहेर येत राहिली की पाणी आत कमी शिरतं. सातव्या-आठव्या कोलांटीनंतर खोकला थांबला. भीती गेली नव्हती, पण भीती वाटत असतानाही ती आकडे मोजत होती. मला तेवढंच हवं होतं.

पोहे खायला कस्तुरचंद पार्ककडे गेलो. तर्री घशाखाली उतरल्यावर तिनं विचारलं, हेलिकॉप्टर उलटंच का होतं?

कारण जड सामान सगळं वर. इंजिनं, गिअरबॉक्स, पंखा, सारं छतावर. विमानाला निदान पंखांचा आडवा आधार असतो. हेलिकॉप्टर पाण्यावर टेकलं आणि बाजूचे तरंगते फुगे फुगले नाहीत किंवा लाट मोठी असली, की ते कलतं आणि उलटतं. आत बसलेल्याला पायाखालची जमीन डोक्यावर आलेली असते, डावं-उजवं फिरलेलं असतं, बुडबुड्यांनी काही दिसत नाही. त्यात पाणी थंड असलं तर श्वास रोखून धरण्याची ताकद काही सेकंदांवर येते. कितीतरी अपघातांत माणसं आदळण्यानं मेली नाहीत. ती शुद्धीवर होती, हाडं शाबूत होती, आणि दार सापडलं नाही म्हणून बुडाली. ९ डिसेंबर १९९९ रोजी सॅन डिएगोजवळ अमेरिकी मरीन कोअरचं सीएच-४६ हेलिकॉप्टर जहाजावर उतरताना समुद्रात पडलं. आत अठरा जण होते. अकरा बाहेर आले, सात नाही.

हे शिकवायची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. अमेरिकी नौदलानं रुळांवरून घसरत तलावात जाऊन उलटणारं एक कॉकपिट बनवलं, त्याला 'डिल्बर्ट डंकर' म्हणत. पुढं हेलिकॉप्टरांसाठी अनेक माणसं बसतील अशी यंत्रं आली. ब्रिटिश नौदलात येओव्हिल्टनला त्याचं केंद्र आहे. आपल्याकडे कोचीला, आयएनएस गरुडवर. हा नौदलाचा सगळ्यात जुना हवाई तळ, ११ मे १९५३ चा. तिथल्या जलसुरक्षा प्रशिक्षण केंद्रात तलावातच लाटा उठवता येतात, दिवसाची रात्र करता येते, हवामान बिघडवता येतं. गगनयानाचं अंतराळवीरांचं यान समुद्रातून कसं बाहेर काढायचं, याच्या पहिल्या चाचण्या इस्रोनं आणि नौदलानं फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथंच घेतल्या.

"आणि तुमची पहिली वेळ?" तिनं विचारलं.

मी डायव्हर. पाण्याची मला भीती नाही, असं मी धरून चाललो होतो. हेलिकॉप्टरचा तो सांगाडा खाली आला, पाणी गुडघ्यांवर, छातीवर, हनुवटीवर. शेवटचा श्वास घेतला आणि जग फिरलं. मी काय केलं, तर सगळ्यात आधी पट्टा सोडला. पट्ट्यानं बांधलेला माणूस पट्टाच आधी सोडणार, शरीराला दुसरं काही सुचत नाही. सुटताक्षणी मी वर तरंगलो आणि डोकं सांगाड्याच्या तळाला जाऊन टेकलं, कारण आता तळ वर होता. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती हे मला पाठ होतं, पण डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? हात फिरवला, हाताला खुर्ची लागली. पुन्हा फिरवला, पुन्हा खुर्ची. पाणबुड्यानं माझ्या कॉलरला धरून मला बाहेर काढलं. पोहता येणं, दम असणं, अनुभव, त्या दहा-बारा सेकंदांत काही उपयोगी पडलं नाही.

काठावर बसवून प्रशिक्षकानं जे सांगितलं ते मी तिला तसंच सांगितलं. पट्टा तुझा शत्रू नाही. पाण्यात वजन नसतं. खिडकी बाहेर ढकलायची तर कशाला तरी टेकून जोर लावावा लागतो, तो टेका पट्टा देतो. म्हणून पाण्याला टेकण्याआधीच एका हातानं खिडकीची चौकट धरायची. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. चौकटीवरचा हात न सोडता दुसऱ्यानं खिडकी उघडायची. मग पट्टा. मग धरलेल्या हातानं स्वतःला ओढून बाहेर. पाय मारायचे नाहीत, मागच्याच्या तोंडावर बसतात. जॅकेट आत फुगवायचं नाही, फुगलेलं जॅकेट छताला, म्हणजे तळाला, चिकटवून ठेवतं.

तिनं पोह्यांची प्लेट बाजूला ठेवली आणि डाव्या हातानं टपरीचा बांबू धरला. नुसता धरून पाहिला.

बुधवार

दिवसभर बाहेर पडणं शक्य नव्हतं. दुपारी बारानंतर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सावजी मटण, झोप, कूलर.

संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो. पलीकडे वायुसेनानगर, हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय. समुद्रापासून इतकं लांब असलेलं हे गाव हवेतल्या माणसांना मात्र चांगलं ओळखतं. लेक म्हणाली, तिच्या वर्गातल्या मुलांना अजून वाटतं नौदल म्हणजे फक्त जहाज. सप्टेंबर २०२० मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रीती सिंग युद्धनौकांवरच्या हेलिकॉप्टरांसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या, तेव्हा तिनं वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. तो अजून आहे, मी पाहिला. एमएच-६० आर हेलिकॉप्टरांचं पथक मार्च २०२४ मध्ये गरुडवरच सेवेत आलं, त्यात बसायची तिची इच्छा आहे. मित्र गप्प होता. परतताना एवढंच म्हणाला, "८ मार्च २०२३ ला मुंबईजवळ आपलं एएलएच हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं नं, तिघंही वाचले. वैमानिकानं नीट उतरवलं." हे तो मला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता.

रात्री जेवणानंतर आम्ही मित्राची गाडी पोर्चमध्ये बंद करून उभी केली, किल्ली त्याच्याच खिशात. लेक मागच्या सीटवर, पट्टा बांधून, डोळ्यांवर ओढणी. मी म्हणायचो, "टेकलं!" तिनं आधी दाराची कडी धरायची, पाच मोजायचे, दार उघडायचं, पट्टा सोडायचा, धरलेल्या हातानं बाहेर. मग जागा बदलून उजवीकडे. मग मधल्या सीटवर, म्हणजे कडीपर्यंत हात पोचत नाही तेव्हा आधी पुढच्या सीटची पाठ धरायची, तिथून शेजारची कड, तिथून दार. एक पकड मिळाल्याशिवाय आधीची सोडायची नाही. पहिल्या चार वेळा ती कडी धरून दुसऱ्या हातानं पट्टा शोधताना पहिला हात सोडत होती. माणूस सगळंच दोन हातांनी करायला बघतो.

"हात सुटला," मी दर वेळी म्हणत होतो.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. सोमवारपासून त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं त्यांना हे पसंत नाही. पाचव्या वेळी मी 'हात सुटला' म्हणालो आणि त्या उठून गाडीजवळ आल्या.

"मी नाही सोडली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कडी. त्या रात्री."

२२-२३ सप्टेंबर २०२३ मधली ती रात्र. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीनं काठ सोडला आणि या सगळ्या वस्त्यांत पाणी शिरलं. मित्र रात्रपाळीला. लेक एळिमलाला. घरी वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. हे मला ठाऊक होतं. पाण्याची खूण समोरच्या भिंतीवर अजून आहे, कमरेच्या वर. पुढचं मात्र ना मला माहीत होतं, ना मित्राला, ना लेकीला.

"दिवे गेले होते. आम्ही मागच्या खोलीत. पुढून पाण्याचा जोर, म्हणून म्हटलं मागच्या दारानं जिन्यावर जाऊ. ते लोखंडी दार बाहेर उघडते नं. ढकललं, हाललंच नाही. खांदा लावला, तरी नाही. बाहेर पाणी होतं, आत घोट्याएवढं. आई म्हणून राहिल्या, सोड, पुढच्या दारानं पाहू. पण मला वाटलं, एकदा हात सुटला तर या अंधारात ही कडी मला पुन्हा सापडायची नाही. म्हणून एका हातानं कडी धरली, एका हातानं आईंना. आणि उभी राहिली."

"किती वेळ?" लेकीनं विचारलं. ओढणी तिनं काढली नव्हती.

"काय माहीत. मोरीतून पाणी आत चढून राहिलं होतं. गुडघ्याच्या वर आलं. आणि मग दार आपोआप हलकं झालं, बाप्पा. मी ढकललं आणि ते गेलं."

ते आपोआप नव्हतं. दोन फूट पाणी तीन फुटांच्या दाराला बाहेरून रेटून धरतं तो जोर दीडशे किलोच्या वर जातो. वहिनी काय, मीही ते दार हलवू शकलो नसतो. आत पाणी चढलं, दोन्हीकडचा दाब सारखा होत आला, तेव्हा दार सुटलं. बुडत्या हेलिकॉप्टरातही दार अनेकदा असंच, केबिन भरल्यावर उघडतं. म्हणूनच तो सगळ्यात अवघड नियम आहे: थांबायचं. पाणी अंगावर चढत असताना, वाट हातात धरून, थांबायचं. मला तो शिकवायला एक सांगाडा, एक तलाव आणि चार पाणबुडे लागले होते.

हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि लेकीचा डावा हात उचलून गाडीच्या कडीवर पुन्हा ठेवला. "असा नको धरू, बोटांनी. तळव्यानं धर. बोटं ओली झाली की सुटतात."

मित्र बराच वेळ गेटपाशी पाठमोरा उभा होता.

गुरुवार

तलावावर आज वहिनीही आल्या. साडी खोचून काठावर बसल्या, पाय पाण्यात. लेक डोळे मिटून कोलांटी घेत होती, दांडा तळव्यात धरून. खोकला एकदाच. वर येताना श्वास सोडत यायची सवय मी मुद्दाम लावून घेतली. नौदलाच्या माणसांना छोटी हवेची बाटली वापरायला शिकवतात, एक-दोन मिनिटं पुरेल एवढी. ती मोठी मदत आहे, पण तिच्यातली हवा दाबाखालची असते. ती फुप्फुसात भरून श्वास रोखून वर आलं तर हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते, अगदी पोहण्याच्या तलावाएवढ्या खोलीतूनसुद्धा. म्हणून बाटलीतून एक घोट जरी घेतला तरी वर येताना तोंडातून बुडबुडे सुटत राहिलेच पाहिजेत.

अकराव्या कोलांटीनंतर ती वर आली आणि म्हणाली, "काका, उलटी असताना मला दांडा कुठंय ते कळलं. मी कुठंय ते नाही कळलं."

बरोबर तेच. स्वतः कुठं आहोत हे कळायची गरज नाही.

शुक्रवार

बांधाबांध. मित्रानं लेकीच्या बुटांना स्वतः पॉलिश केलं. संत्र्यांचा हंगाम नाही, म्हणून संत्राबर्फीचे तीन डबे, कोचीतल्या सोबत्यांसाठी. संध्याकाळी वावटळ आली, चार थेंब पडले, मातीचा वास सुटला आणि लगेच विरला. आज सराव नको असं मीच म्हणालो. ती रात्री उठली का, हे मला माहीत नाही. मी गच्चीवर झोपलो होतो आणि मला गाढ झोप लागली.

शनिवार

केरळ एक्सप्रेस दिल्लीहून येते, दुपारी नागपूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एर्नाकुलम. आज थोडी उशिरा होती. फलाटावर पंख्याखाली उभे राहून आम्ही काहीबाही बोललो. मित्र पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, एक नाही, चार.

गाडी लागली. डबा शोधला, सामान चढवलं. तिची खालची जागा होती. मी आणि मित्र बॅगा सीटखाली सरकवत होतो. वहिनी मधल्या वाटेत उभ्या राहून काचांकडे एकेक करून पाहत होत्या. मग त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, यातली आपत्कालीन खिडकी कोणती?"

लेकीनं मान वळवली नाही. "डावीकडे. माझ्यापासून तिसरी."

"आणि रात्री दिवे गेले तर?"

"दोन बर्थच्या कडा, मग लाल दांडा."

वहिनींनी मान हलवली, डब्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही खाली उतरलो.